बटेर उड्या मारून डोकी फोडून घेतायत, अंडी पण निम्म्याखाली आली, काय चुकतंय?

परसबाग_बार्शी

नमस्कार सगळ्यांना. मी बार्शीजवळच्या खेड्यात राहते, घरामागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं आधी देशी कोंबड्या होत्या. नोव्हेंबरात २४ बटेर आणले, तेव्हा तीन आठवड्यांचे होते. डिसेंबर संपता संपता अंडी चालू झाली, जानेवारीत रोज ११-१२ मिळायची, घरात खाऊन शेजारी पण देत होते, पोरगी तर शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पिंजऱ्याकडं पळायची. आता मार्चचा दुसरा आठवडा आणि अंडी ४ वर आलीत, काल तर तीनच.

दुसरं म्हणजे डोकी. रात्री अचानक भुर्र करून सगळे वर उडतात आणि जाळीला डोकं आपटतात. दोघांची टाळूची कातडी सोलून निघालीय, एकाचं तर पांढरं हाड दिसत होतं, बघवत नाही हो. पिंजरा सुताराकडून करून घेतलाय, ४ फूट बाय अडीच फूट, उंची पण अडीच फूट ठेवली, म्हटलं पक्ष्यांना मोकळं वाटावं.

आणि मागच्या आठवड्यात एक मादी गेली. सकाळी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, शेपटी वरखाली करत होती, दुपारी मेली. पोट दाबून बघितलं तर आत अंडं होतं.

खायला अंड्यावरच्या कोंबड्यांचंच लेअर फीड देते, पण महाग पडतं म्हणून त्यात निम्मी तांदळाची कणी आणि भरडलेली ज्वारी घालते. थंडीत पिंजऱ्याला १०० चा बल्ब होता, रात्री दहापर्यंत चालू असायचा, फेब्रुवारीत ऊन वाढलं म्हणून काढून टाकला. आता १३ माद्या आणि १० नर आहेत, नर माद्यांच्या मानेची पिसं उपटतात, आपसात पण भांडतात.

सासूबाई म्हणतात हे रानातले लाव्हेच आहेत, सोडून दे, पाप लागतं. शेजारचे काका म्हणतात वनखातं केस करेल. आणि अजून एक, माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे, कुणीतरी सांगितलं बटेरची कच्ची अंडी रोज दिली की दमा जातो, हे खरं आहे का? खरं सांगायचं तर आणताना हेही डोक्यात होतं.

जरा सविस्तर सांगा कुणीतरी, मला हे नीट करायचंय.

कराडकर_बटेर

ताई, सहा वर्षं झाली मला बटेर करून, सुरुवातीला माझ्याकडनं पण यातल्या निम्म्या गोष्टी झाल्यात, म्हणून एकेक सांगतो.

अंड्यांचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. बल्ब. तुम्ही तो उबेसाठी लावला होता पण बटेरला त्याचा उजेड लागत होता. मादीला दिवसाचा १४ ते १६ तास उजेड मिळाला तरच ती अंड्यावर राहते. जानेवारीत सूर्याचा उजेड आणि वर रात्री दहापर्यंत बल्ब, म्हणजे १५ तासाच्या वर होत होतं. फेब्रुवारीत बल्ब काढला आणि एकदम १२ तासाच्या आत आलं, पक्ष्याच्या अंगाला वाटलं की हिवाळा लागला, अंडी बंद. आता १०० चा बल्ब नको, उन्हाळ्यात भट्टी होईल. ५ किंवा ७ वॅटचा एलईडी लावा, पिवळसर उजेडाचा मिळाला तर चांगलं, आणि एकदम दहापर्यंत न नेता आठवड्याला एक तास वाढवा. टायमर सॉकेट घ्या, हातानं बंद करायचं म्हटलं की एक दिवस आठला, एक दिवस अकराला होतं आणि पक्षी गोंधळतात. लगेच दुसऱ्या दिवशी फरक बघू नका, दोन-तीन आठवडे जातील.

आता डोकी. ज्वारीच्या रानातनं चालताना कधी पायाशी लाव्हा उठलाय का? सरळ वर जातो बाणासारखा, मग तिरका होतो. ही पण त्याच्याच जातकुळीतली, घाबरली की सरळ वर. कोंबडी आधी इकडं तिकडं पळते, बटेर पळत नाही. त्यामुळं उंची एक तर फूटभराच्या आत पाहिजे म्हणजे उडायला जोरच मिळत नाही, नाहीतर माणूस उभा राहील एवढी सहा-सात फूट पाहिजे. अडीच फूट हे मधलं माप सगळ्यात वाईट, पूर्ण वेग घेऊन नेमकं डोकं आपटतं. पिंजरा मोडू नका. आतल्या बाजूनं पिंजऱ्याच्या तळापासून १० इंचावर जुनं गोणपाट किंवा शेडनेट ताणून बांधा, चारी कडेनं तार ओवून, थोडं सैल. त्यावर आपटलं तरी लागत नाही. माझ्याकडं अजून तसंच आहे.

आणि रात्री उडतात म्हणजे काहीतरी येतंय. मांजर असेल नाहीतर उंदीर. टॉर्च घेऊन एक रात्र बसा. एलईडी बंद झाल्यावर अगदी मिणमिणता झिरोचा दिवा लांब कुठंतरी ठेवला तर गुडूप अंधारातली धडपड कमी होते, पण तो पिंजऱ्यावर पडता कामा नये.

ज्यांचं डोकं फुटलंय ते आजच वेगळे काढा, लाल दिसलं की बाकीचे तिथंच टोचतात आणि मारून टाकतात. बीटाडीन कापसानं लावा, माश्या बसू देऊ नका, स्वच्छ खोक्यात ठेवा. हाड दिसत होतं त्याची पण आशा सोडू नका, कातडी भरून येते, माझ्याकडं एकाला पाच आठवडे लागले होते, पिसं मात्र विरळच आली.

१० नर फार झाले. तीन-चार माद्यांना एक नर, म्हणजे तुम्हाला चार पुरे. ओळखायला छाती बघा, नराची छाती विटकरी, एकरंगी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. शंका आली तर शेपटीखाली नराला लालसर गाठ असते, हलकं दाबलं की पांढरा फेस येतो. पिल्लं काढायची नसतील तर एकही नर नको, अंडी नराशिवाय पण येतात.

तळकोकणातून

कराडकर दादांचं सगळं पटलं, फक्त पिंजऱ्याच्या तळाचं राहिलं. त्यांचे बहुतेक जाळीच्या तळाचे पिंजरे असणार. ताई, तुमचा तळ कसला आहे ते लिहिलं नाही. घरच्यासाठी वीस-पंचवीस पक्षी असतील तर माझं मत सरळ आहे, खाली तूस किंवा लाकडाचा भुसा द्या, जाळी नको. जाळीवर पायाच्या तळव्याला घट्टे पडतात, जखमा होतात. आणि बटेरला मातीत लोळल्याशिवाय करमतच नाही. एका घमेल्यात कोरडी वाळू आणि चुलीची चाळलेली राख मिसळून ठेवा, बघा काय होतं ते. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा माझ्या सहा माद्या एकाच घमेल्यात शिरल्या, एकमेकींच्या अंगावर, डोळे अर्धे मिटलेले, पंखाखाली वाळू उडवत होत्या, अर्धा तास कुणी बाहेर यायला तयार नाही. पिसातले किडे, उवा त्यानंच जातात. घमेलं दिवसातनं तासभर ठेवायचं आणि काढून घ्यायचं, नाहीतर त्यातच घाण करतात आणि अंडी पण घालतात.

भुसा ओला झाला की मात्र लगेच बदला. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हीच लढाई असते. विष्ठेचा वास नाकाला झोंबायला लागला म्हणजे आपल्याला उशीर झालाय समजायचं, पक्षी तर जमिनीपासून चार इंचावर श्वास घेतो.

जाळी कुठली लावलीय? षटकोनी कोंबडी जाळी असेल तर ती कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरचं आत यायला अडवत नाही. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश घ्या. माझे एका रात्रीत सात गेले, घूस खालनं माती उकरून आली होती, सकाळी नुसते पाय आणि पिसं. तेव्हापासून पिंजरा कमरेएवढ्या उंचीवर, चारी पायांना पत्र्याची गुळगुळीत गुंडाळी आणि दाराला दोन कड्या. मुंगूस दिवसा येतं हे पण लक्षात ठेवा, आणि धामण अंड्यांसाठी येते. रात्री फीड आत ठेवू नका, उंदीर फीडसाठी येतो आणि नंतर त्याला पक्षी सापडतो.

पशुवैद्य_मराठवाडा

नमस्कार. आधी तुमच्या मुलाबद्दल, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बटेरच्या अंड्यानं दमा जात नाही. ते चांगलं पौष्टिक अंडं आहे, साधारण पाच अंडी म्हणजे एक कोंबडीचं अंडं, उकडून खुशाल द्या, पण त्याच्या भरवशावर इनहेलर किंवा डॉक्टरांची औषधं एक दिवससुद्धा बंद करू नका. कच्चं तर अजिबात नको, साल्मोनेला जंतूची भीती असते. आणि उलट एक गोष्ट सांगतो, पिसांची धूळ, वाळलेल्या विष्ठेची धूळ, फीडचा बारीक भुगा यानं दमा असलेल्या मुलाला अटॅक येऊ शकतो. पिंजरा झाडताना त्याला तिथं उभं करू नका, पिंजरा त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ असेल तर हलवा, आणि तुम्ही स्वतः पण तोंडाला रुमाल बांधून, थोडं पाणी शिंपडून मग झाडा. त्याच्या डॉक्टरांना घरी पक्षी आहेत हे नक्की सांगा.

मादी गेली ती अंडं अडकून. बटेर मादी दीडशे ते दोनशे ग्रॅमची, आणि अंडं दहा-बारा ग्रॅमचं. दीड किलोची कोंबडी ५५ ग्रॅमचं अंडं देते, म्हणजे अंगाच्या मानानं बटेर जवळपास दुप्पट मोठं अंडं रोज बाहेर टाकते. त्याचं कवच कशातून येणार? तुम्ही फीडमध्ये निम्मी कणी-ज्वारी घातली तिथं कॅल्शियम निम्मं झालं आणि प्रथिनं पण बरीच घटली. अंडी देणाऱ्या बटेरला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि अडीच-तीन टक्के कॅल्शियम लागतं. कोंबडीच्या लेअर फीडमध्ये कॅल्शियम पुरेसं असतं, प्रथिनं १६-१८ असतात, म्हणजे तेच थोडं कमी पडतं, आणि कणी घातल्यावर तर फारच कमी. तुमच्या अंड्यांच्या घटीत बल्बइतकाच याचा पण हात आहे.

कणी बंद करा. लेअर फीड ९०० ग्रॅमला सोयापेंड १०० ग्रॅम मिसळा, हिशोब वीसला जाऊन टेकतो. सोयापेंड म्हणजे तेल काढलेली, भाजलेली पेंड. तुमच्या भागात घरोघरी सोयाबीन आहे म्हणून सांगतो, कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, त्यानं प्रथिनं नीट पचत नाहीत. फीडचे दाणे मोठे असतील तर मिक्सरला एकदा फिरवून घ्या, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, जिला लागेल ती खाईल. एका पक्ष्याला दिवसाला २५ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला रोज सहाशे ग्रॅमच्या आत लागतंय. नर कमी केले की अजून कमी. कणी घालून जे वाचतं त्यापेक्षा हे नक्की स्वस्त पडेल.

पुन्हा कुणी तशी फुगून बसली तर पोट दाबून अंडं फोडायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर ती जातेच. कोमट पाण्यात खालचं अंग पंधरा मिनिटं धरा, गुदद्वाराला खोबरेल तेल लावा, मऊ फडक्यावर उबदार जागी अंधारात ठेवा. बऱ्याचदा तासा-दोन तासात अंडं येतं. नाही आलं तर दवाखाना.

वनखात्याचं: रानातले लाव्हे, बटेर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ते पकडणं, पाळणं, विकणं गुन्हाच आहे. तुमच्याकडची जपानी बटेर आहे, ती १९७४ साली उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला संशोधनासाठी बाहेरून आणली आणि तिथून देशभर पसरली. २०११ मध्ये तिच्यावर पण निर्बंध आले होते, २०१३ मध्ये ते उठले. फक्त ज्यांच्याकडून घेतले त्यांची पावती असेल तर जपून ठेवा. आणि सासूबाईंना सांगा, सोडून दिले तर पाप कमी होणार नाही, दोन दिवसात मांजर-कुत्री संपवतील. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातली जात आहे, हिला रानात लपता येत नाही, हिची मादी स्वतःच्या अंड्यावर बसायचं पण विसरलीय.

शेवटचं, देशी कोंबड्या आणि बटेर एकाच जागेत कधी ठेवू नका. सर्दीसारखे रोग कोंबड्यांकडून बटेरला लागतात. कोंबड्या होत्या त्या जागेची वरची माती काढून चुना मारा. राणीखेत रोगाला बटेर कोंबडीपेक्षा दणकट असते पण बर्ड फ्लूला नाही. २००६ ला नवापूर आणि २०२१ ला परभणीचं मुरुंबा आपण बघितलंय. एकदम तीन-चार पक्षी मेले तर हात न लावता, पुरून न टाकता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

परसबाग_बार्शी

डॉक्टर साहेब, मुलाचं तुम्ही सांगितलं ते वाचून पोटात गोळाच आला. पिंजरा त्याच्याच खिडकीखाली होता, आणि गेले दोन महिने तोच सकाळी झाडायचा, त्याला आवड म्हणून. आज यांनी आणि मी मिळून पिंजरा गोठ्याच्या बाजूला हलवला. उद्या त्याच्या डॉक्टरांकडं जाणार आहे.

गोणपाट बांधलं. रात्री बसले तर साडेबाराला मांजर आली, थेट पिंजऱ्याच्या छतावर चढून बसली. आता वरून पत्रा टाकलाय, पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली काय होईल याची भीती वाटतेय, आमच्याकडं ४२ ला जातं. आणि पोरीला पिल्लं बघायचीत, आमची एक देशी कोंबडी खुडूक आहे, तिच्याखाली अंडी ठेवू का?

अकोल्याचं_ऊन

ताई, उन्हाचं आमच्याकडून ऐका, आमच्याकडं ४५ बघितलंय.

पत्र्याला वरून पांढरा चुना मारा आणि त्यावर कडबा किंवा तुराट्यांचा जाड थर टाका, निम्मी लढाई तिथंच जिंकता. पश्चिमेकडून गोणपाट सोडा आणि दुपारी ११ पासून ओलं करत राहा, पण हवा खेळती पाहिजे, चारी बाजूनं झाकलं आणि ओलं केलं तर आत वाफ कोंडते आणि ती कोरड्या उन्हापेक्षा वाईट. फीड सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचनंतर, भर दुपारी पोटात दाणा नको, पचवताना अंग तापतं. पाणी टाकीचं नको, पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं, माठातलं द्या आणि दुपारी दोनदा बदला. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की समजायचं त्रास चालू झाला, इलेक्ट्रोलाइट पावडर पाण्यात घाला. अंगावर पाणी ओतू नका.

पिल्लांचं. कोंबडीखाली मी ठेवली होती, बारातली पाच तिच्या वजनानंच फुटली, आणि डॉक्टर म्हणाले तसं कोंबडीचे रोग पिल्लांना लागतात ते वेगळंच. थर्मोकोलच्या खोक्याचं छोटं इनक्युबेटर मिळतं, पंखेवालं घ्या. ३७.५ डिग्री, रोज तीन-चार वेळा अंडी फिरवायची, पंधराव्या दिवशी फिरवणं बंद, सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं. अंडी आठवड्याच्या आतलीच ठेवा आणि फ्रिजमधली नको. पण ताई, मे मध्ये नका काढू, पावसाळा सुरू होऊन हवा गार झाल्यावर काढा.

पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि त्याचं पहिलं मरण पाण्यात असतं. उथळ झाकणातल्या अर्ध्या बोट पाण्यात सुद्धा बुडतं. झाकणात गोट्या भरा, पोरांच्या काचेच्या, चोच जाईल एवढंच पाणी वर दिसलं पाहिजे. दुसरं म्हणजे खाली वर्तमानपत्र अंथरू नका, पाय घसरतात आणि फाकतात ते कायमचे. जुनं सुती कापड किंवा गोणपाट टाका. पहिला आठवडा ३५-३६ डिग्री ऊब, मग दर आठवड्याला तीन डिग्री कमी. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडं बघा.

अजून एक कळकळीनं सांगतो. हे चांगलं जमायला लागलं की कुणीतरी येईल, पाचशे पक्षी घ्या, पैसे भरा, अंडी आम्हीच परत विकत घेऊ म्हणेल. इमूचं काय झालं, २०१९ ला कडकनाथमध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. माझ्या सख्ख्या मामांनी अशाच एका माणसाला दीड लाख दिले होते, पहिली दोन खेप अंडी उचलली आणि मग फोन बंद. गावात, बाजारात तुम्ही स्वतः रोज किती अंडी विकू शकता तेवढेच पक्षी ठेवा.

परसबाग_बार्शी

महिना झाला, सांगायचं राहिलं होतं म्हणून लिहितेय.

सहा नर एका ओळखीच्यांना दिले. लेअर फीड आणि सोयापेंड, कणी पूर्ण बंद. एलईडी टायमरवर, पहाटे साडेपाच ते रात्री नऊ. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही, मी तर धीर सोडत आले होते. मग एका संध्याकाळी ६, दोन दिवसांनी ८, आता १३ माद्यांची ९-१० अंडी येतायत, ऊन कमी असेल त्या दिवशी ११. बहुतेक सगळ्या संध्याकाळी चार ते सहामध्ये घालतात, मी कोंबडीच्या सवयीनं सकाळी बघायचे, त्यामुळं अंडी रात्रभर आत राहून तुडवली जायची ते पण आता कळलं. पिंजऱ्यात खाली तूस, आणि राखेच्या घमेल्याचं जे लिहिलं होतं ते अगदी तसंच झालं, पोरगी तेवढा वेळ तिथंच बसून असते.

ज्याचं हाड दिसत होतं तो वाचला. टाळूवर गुलाबी कातडी आलीय, परवा त्याला परत सगळ्यांत सोडला, कुणी टोचलं नाही.

मुलाच्या डॉक्टरांनी पक्ष्यांपासून लांबच ठेवायला सांगितलं, औषध चालू आहे. त्याला वाईट वाटतं, म्हणून त्याच्याकडं आता वही दिलीय, रोजची अंडी तो लिहितो. त्यात पोरीनं एक शोध लावलाय की प्रत्येक मादीच्या अंड्यावरचे डाग वेगळे असतात आणि रोज तसेच येतात, एकीचे मोठे चॉकलेटी पट्टे, एकीचे बारीक शिंतोडे, एकीचं जवळपास पांढरंच. ती ओरडून सांगते कुणाचं आलं आणि तो खिडकीतनं टिक करतो. आठ माद्या ओळखून झाल्यात, पाच राहिल्यात. जवळपास पांढरं अंडं घालणाऱ्या मादीत काही दोष असतो का डॉक्टर साहेब, का तिचा रंगच तसा?

पशुवैद्य_मराठवाडा

कवच घट्ट आहे आणि ती पहिल्यापासून तसंच घालतेय तर तिचा रंगच तसा. आधी डाग होते आणि आता पांढरं, खरखरीत किंवा पातळ यायला लागलं असेल तर तिला त्रास आहे, ऊन किंवा आजार. मुलाच्या वहीत बघा, त्यानं लिहिलं असेल.